हळदीच्या पाकिटाचा लोगो करून घेतला, हिंगणघाटच्या डिझायनर ताईचा आमच्या गटाला आलेला अनुभव

हिंगणघाट, समुद्रपूर, वर्धा ह्या बाजूच्या कोणत्या बचत गटाला, दालमिलवाल्याला नाहीतर कंपनी काढलेल्या कास्तकारांना लोगो करून पाहिजे असेल तर हिंगणघाटच्या ह्या ताईकडे जा, हे मी आधीच सांगून टाकते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा काहून कापला ते खाली लिहिलं आहे.

आमचा गट समुद्रपूर तालुक्यातला, आम्ही हळद पावडर करतो. वावरातून हळद निघाली की शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश, मग दळण, सगळं गावातच होतं. माल चांगला आहे, एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं, पण नवीन माणूस पाकीट पाहून थांबतच नव्हता. जुना लोगो एका फ्लेक्सवाल्यानं फ्लेक्ससोबत फुकट दिलेला होता, नेटवरून उतरवलेली एक नऊवारीतली बाई, हातात ताट, ताटात हळदीचा ढीग, मागे उगवता सूर्य आणि खाली हिरवी पानं. एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलपासून थोड्याच अंतरावर सेम टू सेम तीच बाई मिरची पावडरच्या पाकिटावर दिसली, फक्त ताटातला ढीग लाल केलेला. लोकं आम्हाला येऊन विचारत की तिकडचा स्टॉल पण तुमचाच का. त्यांना तरी काय बोलणार, चित्र ना आमचं ना त्यांचं, त्यांनाही कोणीतरी असंच फुकट दिलं असेल.

तर नवीन लोगो करायचा ठरला आणि ताईनं साडेसात हजार सांगितले. बैठकीत हा आकडा वाचून दाखवला तर सगळ्या गप्पच झाल्या. एक वहिनी म्हणे, "काहून बाप्पा, एवढ्यात तर दोन सीलिंग मशीन येते, चित्राले कायले द्याचे?" दुसरी म्हणे आमचा पोट्टा मोबाइलवर दहा मिनटात करून देते. प्रश्न बरोबरच होते, गटाचा पैसा म्हणजे प्रत्येकीच्या बचतीचा पैसा आहे, म्हणून मी ठरवलं होतं की काम झाल्यावर कायचे पैसे गेले ते नीट लिहायचं, ते हे लिहीत आहे.

ताई नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-छपाईच्या कामाची चित्रकला, शिकली, आता घरूनच काम करते, एक खोली, एक कॉम्पुटर, एक कलर प्रिंटर, बाहेर पाटी पण नाही. वयानं आमच्या पोरींएवढी, आम्हाला काकू म्हणते. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं आता कॉम्पुटर लावून दहा-वीस नमुने दाखवेल आणि आपण एक निवडू. तिनं कॉम्पुटर लावलाच नाही. वही घेतली आणि विचारत बसली. हळद कोण घेतं, दुकानातून की प्रदर्शनातून, घेणारी बाई घरी पाकीट कुठं ठेवते, डब्यात ओतून पाकीट फेकून देते की चिमटा लावून तसंच ठेवते, नाव मराठीत वाचणारे जास्त की इंग्रजीत, पोत्यावर छापता का, बिलबुकावर रबरी शिक्का मारता का, व्हॉट्सअपचा ग्रुप आहे का, पुढं मिरची-धने करायचा विचार आहे का. त्यातल्या निम्म्या गोष्टी आम्ही आपसात कधी बोललोच नव्हतो. मिरची-धन्यावरून तर तिथंच आमच्यात दोन पार्ट्या पडल्या आणि ती शांतपणे लिहून घेत होती. शेवटी ठरलं की पुढं बाकीचे मसाले करायचेच आहेत, म्हणजे लोगोत नुसती हळद हळद ओरडायला नको, पण हळदीपासून सुरू झालं हे कळलं पाहिजे.

मग तिनं सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हणाली, स्टेट बँकेचं चिन्ह आठवेल तसं काढा, पासबुक पाहायचं नाही. आमच्यात एक आजी आहेत, सही करतात तेवढंच, बाकी लिहिणं नाही. त्यांनीही एक गोल काढला, मधात छोटा गोल आणि त्यातून खाली रेघ. सगळ्यांचं थोडंफार बरोबर आलं. मग म्हणाली आता तुमच्या पाकिटावरची बाई काढा. तिचा पदर कोणत्या खांद्यावर, ताट कोणत्या हातात, कोणालाच सांगता येईना, आणि ती पाकिटं आम्ही रोज स्वतः सील करतो. तेव्हा तिनं सांगितलं की स्टेट बँकेचं ते चिन्ह १९७१ साली अहमदाबादच्या एनआयडीमधे, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शेखर कामत यांनी केलं, आणि इतक्या वर्षांनी शाळेत न गेलेल्या माणसाच्या हातून पण ते निघतं, लोगोकडून एवढंच पाहिजे असतं. ती वहिनी, सीलिंग मशीनवाली, तिथून पुढं पैशाचं काही बोलली नाही.

आमच्याकडून एक मागणी पक्की होती, चरखा. वर्धा जिल्हा म्हटला की चरखा आलाच, सेवाग्राम इथं, दहा पाट्या पाहिल्या तर दोन-तीनवर तरी चरखा नाहीतर बापूंचा चष्मा सापडतोच. आमच्या अध्यक्षबाईंना तर बापूंचं चित्रच पाहिजे होतं, भावना चांगलीच होती. ताईनं तिथं स्पष्ट नाही म्हटलं आणि कारण दिलं. १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा, त्यात महात्मा गांधींचं नाव किंवा चित्र धंद्याच्या मार्कमधे वापरता येत नाही, छत्रपती शिवाजी महाराजांचं पण नाही. हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं आणि मला वाटते गावागावात कितीतरी लोकांना माहीत नसेल, म्हणून मुद्दाम लिहीत आहे, पोते आणि डबे छापून झाल्यावर कळलं तर केवढं नुकसान. चष्मा म्हटला की आता लोकांना स्वच्छ भारत आठवतं, तो लोगो २०१४ मधे कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेला, आणि चरखा म्हटला की खादी. "काकू, गिऱ्हाईक तुमच्या पाकिटाले पाहून कापड आठवंन, हळद नाही," असं ती म्हणाली तेव्हा अध्यक्षबाई पण मानल्या. तसंच पाकिटावर मोठं 'वायगाव हळद' लिहायचा आग्रह एकीनं धरला होता. वायगावच्या हळदीला २०१६ मधे जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, ते नाव लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद पाहिजे, नोंद नसताना लोगोत ते नाव घुसवणार नाही असं तिनं सांगितलं. पैसे देणाऱ्या माणसाला इतक्या वेळा नाही म्हणणारी दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिली आणि त्याच्यामुळेच माझा विश्वास बसला.

नंतर ती गावात आली, हळद शिजवणं चालू होतं तेव्हा. फोटो काढले, बायकांशी बोलली, आणि जाताना ओल्या हळदीचे कंद, अंगठ्याएवढी हळकुंडं, वाळलेली, पॉलिश केलेली, सगळं पिशवीत घेऊन गेली. पुढच्या वेळी तिच्याकडे गेलो तर भिंतीवर कागदच कागद लावलेले. ओलं हळकुंड आडवं कापलं, तिरपं कापलं आणि त्याचा कागदावर ठसा मारला, असे किती तरी ठसे. आम्ही जन्मभर हळद कापली पण तसं पाहिलं नव्हतं, कापलेल्या तोंडावर मधात गडद नारिंगी भाग, त्याच्या भोवती एक बारीक रेघ आणि बाहेर फिक्कट कडा, गोल पण पूर्ण गोल नाही, एका बाजूनं दबलेला. प्रत्येक ठसा वेगळा आणि तरी पाहता क्षणी हळद. वाळलेल्या हळकुंडावरच्या गोल गोल कड्या पण तिनं पेन्सिलनं काढल्या होत्या, पण त्या लहान केल्या की अळीसारख्या दिसतात म्हणून तिनंच काढून टाकल्या, ते बरं केलं, खायच्या वस्तूवर अळी दिसणं कोणाला चालंन.

लोगो जो सापडला तो आमच्या नावातच सापडला. नावात ळ आहे. ळ ला दोन पोटं असतात, तिनं त्या दोन पोटांच्या जागी कापलेल्या हळकुंडाचे दोन ठसे बसवले, एक थोडा मोठा एक थोडा लहान, बाकी अक्षरं साधी, जाड, हातानं काढलेली. वेगळं चित्र नाहीच. मला आधी वाटलं हे जरा रिकामं दिसते, बाजूला एखादं पान तरी टाकावं, तर तिनं पान टाकून पण दाखवलं, मग पान घातलेला आणि बिनपानाचा दोन्ही कागद दाराबाहेर नेऊन रस्त्याच्या पलीकडून पाहायला लावले. पान घातलेल्यात नजर पानावर जात होती, नाव वाचायला वेळ लागत होता. बिनपानाचा पास झाला.

अक्षरांवर तिनं जेवढा वेळ घातला तेवढा मला वाटते बाकी कशावरच नाही, आणि मराठी नाव ठेवणाऱ्या सगळ्यांनी हे ऐकण्यासारखं आहे. इंग्रजी अक्षर आणि मराठी अक्षर एकाच उंचीच्या जागेत बसवलं तर मराठी लहान दिसतं, कारण आपल्याला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते. म्हणून दोन्ही भाषेत नाव पाहिजे असेल तर मराठी मोठं घ्यावं लागतं, नाहीतर आपल्याच पाकिटावर आपलीच भाषा खाली मान घालून बसल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे पोट भरणं. अक्षराच्या आतली मोकळी जागा लहान छपाईत शाईनं भरून जाते, ळ, ध, भ, थ असली अक्षरं मग नुसता डाग दिसतात. आमच्या ळ मधे तर ठसाच बसवलेला, म्हणून तिनं तीन रूपं केली. मोठं रूप पोत्यासाठी आणि बॅनरसाठी, त्यात ठशाच्या आतली बारीक रेघ आहे. मधलं पाकिटाच्या स्टिकरसाठी, त्यात रेघ जाड केली. आणि सगळ्यात लहान रबरी शिक्क्यासाठी आणि व्हॉट्सअपच्या डीपीसाठी, त्यात रेघ काढूनच टाकली आणि नुसता ळ ठेवला. शिक्का खरंच बनवून आणला आणि आमच्या बिलबुकाच्या स्वस्त कागदावर मारून पाहिला, आधीच्या नमुन्यात ळ चं डावं पोट भरलं म्हणून परत थोडं मोकळं केलं. हे काम कॉम्पुटरच्या पडद्यावर कोणाला दिसलंच नसतं.

रंगाची गोठ तर सांगायलाच पाहिजे. आम्ही सगळ्याजणी म्हणत होतो पिवळा, हळद आहे म्हणजे पिवळा. ताईनं पारदर्शक पाकिटात आमचीच पावडर भरली आणि वर पिवळा लोगो चिकटवला, दिसतच नव्हता. पांढऱ्यावर पण पिवळं अक्षर लांबून वाचता येत नाही. हिरवा सगळेच मसालेवाले वापरतात. तिथं आमच्या त्याच आजी बोलल्या, "हयदीले चुना लाव ना माय, कुकू होते." सगळ्या एकदम हो म्हणाल्या. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, घरचं कुंकू पूर्वी असंच करत, म्हणजे हा लाल हळदीच्याच पोटातला. ताईनं तिथल्या तिथं वाटीत कालवून पाहिलं, कागदावर फासलं, वाळू दिलं आणि त्या रंगाशी जुळवून शेड पक्की केली. पिवळ्या पावडरवर तो कुंकवाचा गडद लाल असा उठून दिसतो की आता प्रदर्शनात स्टॉलच्या त्या टोकावरून ओळखू येतो. हा रंग एकट्या डिझायनरला सुचला नसता आणि एकट्या आम्हाला पण नाही.

इथं एक सांगते, मोबाइलवर रंग पाहून हो म्हणू नका. पडदा उजेडानं रंग दाखवतो आणि छापखाना शाईनं, मोबाइलवर झकास दिसणारा नारिंगी-लाल कागदावर मळकट उतरतो. तिनं स्टिकरच्याच कागदावर पाच-सहा शेड छापून आणल्या, त्या आम्ही उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली धरून पाहिल्या. शिवाय पूर्ण लोगो एकाच रंगात केला, कारण पोत्यावर स्क्रीननं छापताना प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते म्हणजे खर्च वाढतो. छापील पाऊचचं पण तेच, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर आणि वरून भरपूर माल एकदम घ्यावा लागतो, लहान गटाला ते परवडत नाही, म्हणून सध्या साधा पाऊच आणि वर स्टिकर, हा सल्ला पण तिचाच. पाऊच विकणाऱ्यानं आम्हाला उलटंच सांगितलं असतं.

शेवटी हातात काय मिळालं ते लिहिते, कारण आधीच्या वेळी आम्हाला फक्त व्हॉट्सअपवर एक जेपीजी आला होता, तो पोत्याएवढा केला की फुटायचा. ह्यावेळी पेन ड्राइव्हमधे कोरल ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर फाइल, पीडीएफ, बिनबॅकग्राउंडची पीएनजी, आणि सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट काढून नुसता आकार ठेवून, मग कोणत्याही गावच्या कोणत्याही प्रेसला दिली तरी फॉन्ट बदलून अक्षरं तुटत नाहीत. मराठी फॉन्टचा हा त्रास ज्यानं भोगला त्यालाच माहीत, एका कॉम्पुटरवर 'हळद' आणि दुसऱ्यावर नुसते चौकोन. सोबत एक पानाचा कागद, कोणता रंग, किती लहान करायचा, आजूबाजूला किती जागा सोडायची. आणि हक्क आमच्या गटाकडे दिल्याचं सही केलेलं पत्र. कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, नुसतं "पैसे दिले ना" चालत नाही. हे पत्र मागून घ्याच, कोणाकडूनही लोगो केला तरी.

नाव पक्कं करायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर मसाल्याच्या वर्गात, म्हणजे ३० व्या, तसं नाव आधीच कोणाचं आहे का ते तिनं आमच्यासमोर शोधून दाखवलं. अर्ज भरणं तिचं काम नाही, त्याला एजंट वेगळा. ऑनलाइन फी एकट्या माणसाला, स्टार्टअपला आणि लहान उद्योगाला एका वर्गाची ४५०० आणि बाकीच्यांना ९०००, नोंदणी झाली की १० वर्षं चालते. तोवर लोगोजवळ टीएम (ट्रेडमार्क) लिहू शकता, गोलातला आर (®) मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. किती तरी पाकिटांवर उगाच लावलेला दिसतो.

आता अर्धा स्टार. वेळ पाळत नाही. लग्नसराईत पत्रिकांची कामं येतात तेव्हा आमचं काम मागे पडलं, फोन उचलला नाही, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी, आम्हाला प्रदर्शनाआधी स्टिकर पाहिजे होते ते हुकले आणि जुन्याच बाईच्या पाकिटात माल विकावा लागला. कारण कळतं, एकटी आहे, पण एक मेसेज टाकला असता तरी चाललं असतं. दुसरं, साडेसात हजारात फक्त लोगो आहे. लेबलचं डिझाइन, म्हणजे एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, हिरवा ठिपका हे सगळं बसवणं, त्याचे पैसे वेगळे, आणि हे आम्हाला मधातच कळलं. आधी सांगायला पाहिजे होतं. काम मात्र ते पण चांगलं केलं.

ज्याला उद्याच पाटी लावायची आहे किंवा ज्याच्या डोक्यात चित्र आधीच पक्कं आहे आणि फक्त काढून पाहिजे, त्यानं तिच्याकडे जाऊ नये, दोघांनाही त्रास होईल. गट असेल तर दोघी-तिघींनाच ठरवायचा अधिकार देऊन जा पण पहिल्या बैठकीला सगळ्या जा, म्हाताऱ्या बायकांना आवर्जून न्या. माल सोबत न्या, कच्चा आणि तयार दोन्ही, आणि जुनी बिलं, पोती, शिक्का जे काय असेल ते पण. अर्धे पैसे आधी आणि अर्धे फाइल मिळाल्यावर, बचत गट असेल तर हप्ते पाडून देते. फाइल कोणत्या तारखेला मिळणार आणि लेबल धरून एकूण किती होतील हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. दिवाळीच्या तोंडावर आणि लग्नसराईत नवीन काम घेत नाही असं तिनं आता सांगितलं आहे. नंबर तिला विचारल्याशिवाय इथं टाकत नाही, ज्यांना पाहिजे त्यांनी मला मेसेज करा.